दारावरचे दाणे

(तेलंगणातल्या बेला गावात अमृतरावांच्या घराचं स्वयंपाकघर, सकाळची वेळ. चारुलता आदिलाबादच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. अमृतराव आणि त्यांची पत्नी राहीबाई यांच्या घरी ती पहिल्यांदाच आली आहे.)

चारुलता : म्हणजे दारावरची प्रत्येक रेघ ही काकांची साखर?

राहीबाई : हो बाई. आशाताई हाय न आमची, सपना, ते दर मंगळवारी मशीन घेऊन येते. जेवून दोन तास झाले का यायच्या बोटाले टोचते अन् आकडा सांगते. मले लिहिता येत नाई, पन मोजता येते. शंभराले एक वीत. तेवढी चुन्याची रेघ.

चारुलता : आणि टोकाला हा तांदळाचा दाणा?

राहीबाई : त्या दिवशी भात जेवले होते. कनकेनं चिकटवला. कोन्या जेवनाची कोनती रेघ, ते मंग इसरत नाई.

चारुलता : तीन वितींहून मोठी आहे ही.

अमृतराव : तीनशे चाळीस. मले पाठ हाय तो आकडा.

चारुलता : तेव्हाच तुमच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती. डॉक्टर म्हणाले होते, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. मग मी तुम्हाला तक्ता दिला, काय खायचं त्याचा.

राहीबाई : देल्ला होता, पन तेलुगूत होता. पंकजनं वाचून दाखवला, आमच्या पोरानं. ओट्स म्हने, ब्राउन राइस म्हने. बेल्यात कुठं भेटते ते? मंग म्हनलं, जे घरात हाय, वावरात हाय, तेच एकेक करून पाहू.

चारुलता : छापील होता तसाच हातात दिला मी. तुम्हाला वाचता येतं का, एवढंही विचारलं नाही.

राहीबाई : तुमच्यापुढं लाइन किती होती तवा. कोनाकोनाले इचारसान?

चारुलता : मग आधी काय करून पाहिलं?

राहीबाई : ज्वारी. हे पहा.

चारुलता : ही तर अडीच वीत आहे.

राहीबाई : चार भाकरी खाल्ल्या यायनं, ज्वारीच हाय म्हनून. रेघ वढताना मले रडूच आलं. वाटलं, हे बी गेलं हातचं. पुढच्या मंगळवारी दोनच भाकरी वाढल्या. संग मोठी वाटी मुगाची उसळ अन् अंबाडीची भाजी. भाजी-उसळ आधी, भाकर मागून. अन् पहा, रेघ कुठं आली.

चारुलता : दोन वितींच्या आत. उसळ आणि भाजी सोबत असली की भाकरीची साखर रक्तात सावकाश उतरते, काकू. मला हे कॉलेजात शिकवलं होतं. तुम्हाला कोणी शिकवलं?

राहीबाई : कोनं नाई. मी तं नुसती रेघ पाहे अन् पुढच्या खेपेले ताट बदलवे. हे पहा, चहासंग बिस्कुट होतं तवाची. अन् हे फुटान्याची, तिच्याहून लहान.

चारुलता : आणि गोळ्या? त्या बंद नाही ना केल्या?

राहीबाई : एक बी चुकली नाई. ते डॉक्टरचं काम, त्याच्यात मी कायले हात घालू.

अमृतराव : मंधात मी काय केलं, ते सांग न बाईले.

राहीबाई : जाऊ द्या ते.

अमृतराव : मीच सांगतो. मी पळून गेलो होतो, बाई. दोन महिने भाकर-उसळ खाल्ली अन् डोकं फिरलं. लहानपनापासून दोन टाइम भात खानारा मानूस मी. दुकान पंकजवर टाकलं अन् बोथ गावाले भावाकडं, सुरेंद्रकडं जाऊन बसलो. आठ दिवस. भावजय ताट भरून वाढे, मी खाय.

चारुलता : आणि जखम?

अमृतराव : पुन्हा वाहू लागली. सुजलेला पाय घेऊन घरी आलो. वाटलं, आता हे भांडते. पन हिनं चूल पेटवली. गरम पानी आनलं, पाय धुतला, ताट वाढलं. भाकर अन् उसळ.

चारुलता : राग नाही आला, काकू?

राहीबाई : आला न. पन पाय पाह्यला अन् भेवच जास्त वाटलं.

अमृतराव : दुसऱ्या दिवशी शेजारची चंपाबाई दुकानात आली. म्हने, तुमी नव्हते त राहीले म्हनलं, आता तरी भात खाय, तुले काई साखर नाई. पन ते पंकजले भात वाढे अन् सोता भाकर घेऊन बसे. आठही दिवस.

चारुलता : काकूंना भात आवडत नसेल.

अमृतराव : हिले? माह्यापेक्षा जास्त आवडते.

चारुलता : मग काका घरी नसताना तरी खायचा ना.

राहीबाई : वापस आल्यावर यायनं इचारलं असतं, तू खात होती का? मले खोटं बोलता आलं नसतं.

अमृतराव : त्या दिवसापासून मी ताट लोटलं नाई, बाई.

चारुलता : म्हणून तर मी आले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी दहावरून सातवर आली, जखम भरली. डॉक्टर म्हणाले, त्या घरी काय शिजतं ते एकदा बघून या. काकू, दाराचा फोटो घेऊ? नवा तक्ता करायचाय मला. अक्षरं नकोत. असेच दाणे आणि रेघा. रेघ प्रत्येकाची वेगळी येईल, पण बघायचं कसं ते तरी कळेल.

राहीबाई : घ्या न. थांबा, फडकं मारू द्या. धुरानं काळं झालं हाय.

चारुलता : नका पुसू. असंच राहू द्या. आणि तक्त्याखाली तुमचं नाव टाकते.

राहीबाई : माहं कायले? यायचं टाका. पथ्य यायनं पाळलं.

अमृतराव : तिचंच टाका, बाई. मी तं नुसता जेवलो.