फ्रान्सच्या नकाशावरचं जेवण

फ्रेंच शिकवायला नुसती भाषा येऊन भागत नाही, हे मला पिंपरीत कळलं, राव. मी नुकताच पॅरिसहून शिकून परतलो होतो. इथल्या एका कारखान्यातले चार फिटर सहा महिने फ्रान्सला जायचे होते. त्यांना भाषा, भूगोल, चालीरीती, सगळं मीच शिकवायचो. त्यांतला नामदेव देहूचा, माळकरी. तिकडे पोरगा बाटेल म्हणून त्याच्या आई परवानगी देईनात. शेवटी त्या स्वतःच वर्गात येऊन बसल्या.

मी नकाशा टांगला आणि जीव ओतून सांगू लागलो. त्यांनी नद्या, डोंगर शांतपणे ऐकून घेतले. मग विचारलं, "मास्तर, ह्या वरल्या अंगाला लोक काय खात्यात?"

"समुद्रकाठ आहे. मासे."

"आन् मधी?"

"कोंबडी. दारूत शिजवलेली."

"आन् खाली?"

"बदक."

नामदेवाने मान खाली घातली. मला खोटं बोलायचं नव्हतं आणि त्याचं जाणंही बुडवायचं नव्हतं. मी घाईने म्हणालो, "पण मावशी, दूध, बटाटे, फळं सगळीकडे मिळतात."

"रोज?"

"रोज."

त्या पदर सावरून उठल्या. "मग हे आदी का न्हाई सांगितलं? सहा महिनं रोज एकादस घडतीया. हितं राहून ह्यानं दोन बी धड केल्या न्हाईत. धाडा त्याला."