हद्दीवरचं ढेकूळ

ऐका. जवळ सरका जरा. आणि मधी कुणी हसू नका, ही गोष्ट हसण्यासारखी न्हाई.

आपल्या सावळगुंडीची काशाक्का सुईण. तुम्ही कुठली बघताय! मी बघितलीया. उंच, हाडापेरानं मजबूत, पण मान डावीकडं कललेली. जन्माची न्हवती तशी. एका रातीत झाली!

तवा राज्यं दोन व्हती. हितं संस्थान, हद्दीपल्याड इंग्रजाचा मुलूख. एकदा दिवस बुडताना पल्याडच्या करेहळ्ळीहून निरोप आला. चंदव्वा अडलीया, दोन दिस झालं, काशाक्काला धाडा. गाडीवाट चार कोसाची. हद्दीच्या बांधानं गेलं तर दीडच कोस.

सासू म्हणाली, "गाडी जुपू दे गं. बांधानं रातचं कुणी जात न्हाई."

"गाडी पोचंस्तवर पोरगी मरंल, आत्ती," काशाक्का म्हणाली. कंदील घेतला आन् निघाली.

बांधावर हद्दीचं दगड, चुना फासलेलं. पैला गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर कोण तरी बसलेलं! म्हातारा. अंगावर कांबळं, पायाशी टोपलीएवढं मातीचं ढेकूळ.

"यव्वा," म्हातारा म्हणाला, "एवढं डोक्यावर चढीव. म्हातारपण हाय."

अडल्याला हात द्यायची सवय तिची. कंदील ठेवला, वाकली, ढेकूळ उचललं, वर चढीवलं. पण कुणाच्या डोक्यावर? म्हातारा कुठं हाय? समोर दगड मोकळा! आन् ढेकूळ काशाक्काच्या सोताच्या डोक्यावर!

खाली टाकाय बघती, तर हात मातीला चिकटल्यालं. थांबाय बघती, तर पाय थांबंनात. चालत्यात! कंदील मागं ऱ्हायला. अंधार. मागनं पाऊल वाजलं. एक. मग दोन. मग धा. मग जणू सगळं गाव मागनं चालतंय, आन् बोलत कुणीच न्हाई. मान वळवाय गेली, वळंना.

मग कानापाशी आवाज आला. थंडगार.

"विहीर कुणाची?"

आता हितं थांबतो. ह्या बोलण्याचं मूळ कळल्याबिगर पुढची भीती कळायची न्हाई.

आपलं गाव वसलं तवा हद्दच न्हवती. दोन्ही सरकारं सारा मागायची, दोन्हीकडची माणसं एकमेकांची डोकी फोडायची. शेवटी पंच म्हणाले, एका म्हाताऱ्यानं देवाची शपथ घ्यायची, मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आन् चालायचं. तो चालंल ती हद्द. आपल्या गावचा रामलिंग तात्या उठला. आदल्या रातीला आपल्याच माणसांनी त्याला सांगितलं, "विहिरीपाशी थोडा वळ." तात्या वळला. करेहळ्ळीची विहीर आपल्यात आली. शपथ मोडली त्यानं! चार पावलं पुढं गेला आन् ढेकळासकट पडला. जागच्या जागी गेला. आन् करेहळ्ळीच्या बायका तवापास्नं दोन कोसावरनं पाणी आणायच्या. लेकुरवाळ्या, पोटुशा, सगळ्या.

हे सगळ्यांना ठावं व्हतं. बोलत कुणी न्हवतं.

"विहीर कुणाची?"

काशाक्का म्हणाली, "आमची."

ढेकूळ दुप्पट जड झालं! मानंत कळ गेली. समोर चुन्याचा दगड आला, गेला. परत तोच आला! फिरतीया ती, गोल! लांब करेहळ्ळीचा दिवा दिसतोय, पण जवळ येईना.

"विहीर कुणाची?"

"सावळगुंडीची रं बाबा! सोड मला!"

कडाक्! मान वाजली. गुडघं मोडलं, तरी पाय चालत्यातच. आता मागचं गाव अगदी पाठीशी आलं, त्यांचा श्वास मानंवर लागतोय. आन् तेवढ्यात लांबनं चंदव्वा ओरडली. बाई मरताना ओरडती तसं.

तिसऱ्यांदा आवाज आला. ह्यावेळी कानापाशी न्हाई, ढेकळातनं!

"विहीर कुणाची?"

"करेहळ्ळीची!" काशाक्का किंचाळली. "त्यांची हाय! आम्ही चोरली! मीबी तेच पाणी पितीया!"

मागची पावलं थांबली.

डोक्यावरचं ढेकूळ भुरूभुरू सांडाय लागलं. तोंडात माती, डोळ्यांत माती. मागं कुणी तरी लांब उसासा टाकला, लई वर्सांनी ओझं उतरल्यागत. पावलं माघारी वळली. काशाक्का पडली, उठली, रांगली, पळाली. करेहळ्ळीच्या पैल्या घराच्या दारावर आपटली. तसल्या मोडक्या मानंनं तिनं चंदव्वाला सोडवलं. पोरगी झाली. दोघी जगल्या.

गावात येऊन पाटलाला म्हणाली, "विहीर त्यांची त्यांना द्या." पाटील म्हणाला, "भुताच्या सांगण्यावरनं हद्द बदलती व्हय?" न्हाई दिली. काशाक्कानं त्या विहिरीचं पाणी मरंस्तवर तोंडाला लावलं न्हाई.

तिच्यानंतर तीन माणसं त्या बांधावर गेली. तिघं आपल्याच गावची. सकाळी घावली, तोंडात माती भरल्याली. वाट चुकली असतील, असं पाटलानं सांगितलं.

तवा पोरांनो, रातच्याला त्या बांधानं जाऊ नका. कितीबी घाई असू दे, गाडीवाटंनं जा. आन् गेलाच, आन् कुणी कानात विचारलंच, तर गावाची अब्रू राखाय जाऊ नका.