पाच चुळा

“दारूचा थेंब पोटात जाऊ देऊ नकोस,” असं बजावूनच विमलाबाईंनी लेकाला, परशुरामला, प्रवासी जहाजावर नोकरीला धाडलं होतं. तो तसाच परतला तर टिटवाळ्याच्या गणपतीला अनवाणी चालत जाईन, असा नवसही बोलल्या होत्या. आज परतलेल्या परशुरामने त्यांना कल्याणला टिटवाळ्याच्या बसच्या रांगेत उभं केलं.

“आई, चालू नकोस. मी वाइन चाखलीय.”

“मेल्या! कुठे?”

“बंदराला जहाज लागलं, तेव्हा भाड्याची गाडी करून वाइनच्या कारखान्यात गेलेलो. पाच पेले.”

“प्यायलास?”

“तिथे सगळे चाखून बादलीत थुंकतात. मीपण थुंकलो.”

“पैसे भरून चुळा?”

मागच्या बाई पुटपुटल्या, “चुळीनं उपास मोडत नाही हो.”

“ऐकलंस?”

“आई, बस आली! तुझे गुडघे...”

विमलाबाईंनी चपला काढून त्याच्या हातात दिल्या आणि टिटवाळ्याची वाट धरली.