टेबलावरनं उतरवलेली पोर

—न्हाई न्हाई, शाल नगं. आन् ती फळंबी तितंच ऱ्हाऊ द्या. हळू बोला जरा, पूजा आत निजल्याली हाय. बसा. मॅनेजरसायेब, इतकी वर्सं तुमच्या दवाखान्याच्या कँटीनात मी चपात्या लाटती, मंगल कुपवाडात कुठं ऱ्हाती ह्ये कवा इचारलं न्हाईसा — आन् आज घर हुडकत आलासा! कशापायी? तर आमी तक्रार करू नये म्हनून. ‘गैरसमज झाला’ म्हनं. कसला गैरसमज? तुमच्या मानसांनी तुमाला अर्धंच सांगिटलं असंल. आता माज्याकडनं ऐका.

पूजा माज्या थोरल्या भैनीची लेक. भैन गेली, मग पोरीचं पयलं बाळंतपन कुनी करायचं? मावशीनंच की. म्हनून उंब्रजास्नं, सासरास्नं आनली हितं. पोटुशी ऱ्हायली तवा सरकारी दवाखान्यात रगात तपासलं, त्यात एचआयव्ही निगाला. तिला निगाला, तिच्या नवऱ्यालाबी. लय रडली. पर गोळ्या सुरू केल्या आन् कवा चुकवल्या न्हाईत — वकाऱ्या यायच्या तरी गिळायची. पुढं हितं आनल्यावर हितल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाई म्हनल्या, आता रगतात इषानू घावतबी न्हाई, बाळ चांगलं हुईल, फकस्त जन्मल्याबरुबर त्येला औषध पाजायचं. तिथंच न्यायची ठरल्याली. पर कळा आदीच सुरू झाल्या, त्याबी अशा जोरात — आन् तुमचा दवाखाना गल्लीच्या पल्याड. मला वाटलं, आपलीच मानसं हायती. आपली! थू.

तुमच्या डॉक्टर मॅडमनी टेबलावर घेतली, तपासली, म्हनल्या डोकं खाली आलंय, हुतंयच आता. आन् ही पोर कळा दाबत म्हनली, “मॅडम, मी एआरटीच्या गोळ्या खाते. बाळाला लगीच औषध द्यायला लागंल.” कुनी इचारलं न्हवतं वो. आपनहून बोलली, लेकरापायी. मॅडमनी हात असा मागं घेतला — असा, इस्तवाचा चटका बसल्यागत. “आधी का नाही सांगितलं? उतर खाली.” उतर! मूल निम्म्या वाटंवर आल्याल्या बाईला! मी पाया पडली त्यांच्या. तर म्हनल्या, आमच्याकडं सोय नाही. कसली सोय? हातमोजं न्हवतं? दोन-दोन चढवलं की, तिला दंडाला धरून खाली उतरवायला! आन् ती काउंटरवरची पोरगी, “एड्सवालीला रिक्षा बघा रे” म्हनून वराडली, भरल्या हॉलात. बाकड्यावरच्या लोकांनी पाय वर घेतलं. पूजानं वडनी तोंडावर वढली आन् भिताडाला धरून चालाय लागली. मागनं तुमच्या मानसांनी गादी भाईर काढली, परसात नीऊन जाळली. जाळली! रोज कुनाकुनाचं रगात सांडतंय त्या गाद्यांवर, धुऊन पुसून वापरतासा — मला म्हाईत न्हाई व्हय?

रिक्षात झाली वो बाळंत. सरकारी दवाखान्याच्या फाटकात. मी वंजळीत झेललं लेकरू, नाळ तशीच. तिथली सिस्टर पळत आली, “द्या मावशी” म्हनली आन् पदराआड धरावं तसं धरलं तिनं. पूजाचं रगात लय गेल्यालं, हाका मारून मारून माजा घसा बसला. बाटल्या चढवल्या तवा कुठं डोळं उघडलं. आन् पयलं काय इचारलं? पोरगा का पोरगी न्हवं — “औषध पाजलं का मावशी?” पाजलं. पोरगी हाय. दूध वढती चांगली. तिची तपासनी हुयाची हाय अजून, तवर आमच्या जिवाला घोर.

काय म्हनलासा? तक्रार केली तर पूजाचंच नाव खराब हुईल? ह्ये बोलाय आलासा व्हय? तिचं झाकायचं ऱ्हायलंय काय? तुमच्यातल्याच कुनीतरी उंब्रजला तिच्या सासूला फोन केला. राहीबाईनी सुनंचं कापडं अंगनात फेकलं. सांजच्याला जावाय आला गाडीवरनं, ऋषिराज, दोन पिशव्या घिऊन. म्हनला, “मावशी, आईनं हिचं कापडं भाईर टाकलं, म्हनून मी माजंबी भरून आनलं.” ऱ्हातोय आता हितंच.

आन् तुमी म्हनता स्टाफ घाबरला. शिकल्याली मानसं ती! शिवल्यानं हुतंय ह्ये? जेवल्यानं हुतंय? तसं असतं तर तुमी सगळी डॉक्टर-सिस्टर कवाच आजारी पडला असतासा — कोन खाऊ घालतंय तुमाला रोज? ह्येच हात की! आमचं मालक वारल्यापास्नं मीबी तीच गोळी खाती, तरी तुमाला काय झा—

…हां. बोलून गेली.

रुमाल कशाला काढलासा सायेब? तोंड पुसताय? आवं, कालच तिसरी चपाती मागून घेतलीसा, आन् आता पुसून काय हुतंय? खुर्चीबी मागं सारली बगा. त्या दिवशी माजं लुगडं रगतानं, पान्यानं भिजल्यालं, अंगाला चिकटल्यालं — काय वाटलं न्हाई मला. ह्यो तुमचा रुमाल तेवढा घान वाटतोय.

कामाचं सोडा. ठेवा दुसरी बाई, न्हाईतर मॅडमना सांगा लाटाय. तक्रार हुनार. कायदा हाय — सरकारी दवाखान्यातल्या ताईनं समजावलंय आमाला. पेशंटला असं हाकलता येत न्हाई, आन् त्येचा आजार गावभर सांगताबी येत न्हाई. पूजा अंगठा न्हाई, सही करती, बारावी झाल्याली हाय. ऋषिराजबी करनार. मीच तेवढी मागं सरत हुती, माजं भाईर पडंल म्हनून. आता पडलंच की. मग मीबी करनार, पयली माजी.

उठली वाटतं तान्ही पोरगी… आली गं, आली माजी बाय! —जावा तुमी. जिना वला हाय, जपून उतरा. पाय घसरला तर धराय मी येनार न्हाई.