बघू

आई : त्या डबीच्या वायरला हात लावायचा नाही.

फिटर : आजी, ही नेटवरून मालिका दाखवणारी डबी काढल्याशिवाय नवा टीव्ही भिंतीला चिकटून बसणार नाही. मागे जागाच नाही हो.

आई : मग नको चिकटू दे. चिकटायला तो काय पाल आहे?

मुलगा : आई, त्यांना काम करू दे ना. हा स्मार्ट टीव्ही आहे. तुझ्या मालिका, सिनेमे, सगळी अ‍ॅप्स आतच आहेत. एकच रिमोट आणि वायरींचं जंजाळ नाही. ती डबी आता अडगळ झाली.

आई : तुम्ही अडगळ म्हणायला लागलात की धडकीच भरते मला. आज डबी, उद्या कोण?

मुलगा : झालं सुरू! वाढदिवसाची भेट आहे गं. लोक खूश होतात.

आई : मग झाले ना मी खूश. पडदा मोठा आहे, रंग छान आहेत. पडदा ठेव. त्याच्या पोटातलं मला नको. तुम्ही डबी लावा हो.

मुलगा : डबी काढा.

फिटर : साहेब, मला अजून दुसरीकडे जायचंय. तुमचं एकदा काय ते ठरवा, मी शिडीवर उभा आहे.

मुलगा : आई, ती डबी सुरू व्हायलाच केवढा वेळ लावते. नुसती गोल गोल फिरत बसते.

आई : फिरू दे. मीसुद्धा उठल्यावर जरा वेळ फिरते आणि मग कामाला लागते. मला कुठे बदललंस अजून?

मुलगा : तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.

आई : आत्याकडे जाऊन बघ जरा. तिचा टीव्ही ठणठणीत आहे, पण आतली अ‍ॅप्स म्हातारी झाली, उघडेनात. आता भिंतीवर एवढा थोरला पडदा आणि त्यात साध्या बातम्या लागत नाहीत. डबी थकली तर डबी बदलता येते. पोट बिघडलं म्हणून अख्खा माणूस कोण बदलतं?

फिटर : हे मात्र खरं आहे हो साहेब.

मुलगा : तुम्ही स्क्रू बघा.

आई : आणि मी आत जाऊन आले आहे बरं का. हे फिटर शिडी आणायला गेले होते तेव्हा टीव्ही लावला होता मी. माझ्या नावाशेजारी ससा बसवलाय.

मुलगा : ते नुसतं चित्र असतं गं.

आई : चित्र असतं? त्या सशावर बटण दाबलं तर आत अस्वल नाचत होतं. पुढे गेले तर आगगाडी गाणं म्हणत होती. माझी वकीलबाई कुठाय? माझा खुनाचा तपास कुठाय? शेवटचा भाग राहिलाय माझा!

फिटर : ससा म्हणजे लहान मुलांचा कप्पा, आजी. साहेबांनीच सकाळी फोनवरून केला ना, बारा वर्षांखालचा. त्याला रात्रीचं कुलूपही... माझा पाना कुठे गेला?

आई : किती वर्षांखालचा?

मुलगा : आई, ऐक. डॉक्टर काय म्हणाले? ताण नको. मागे तो खुनाचा भाग बघताना तुझा रक्तदाब किती चढला होता!

आई : तो खुनानं नाही चढला. खुनी कोण ते कळायच्या आत तू येऊन बंद केलंस, म्हणून चढला.

मुलगा : विचारलं असतं तर ऐकलं असतंस?

आई : नसतं ऐकलं.

मुलगा : मग? म्हणूनच नाही विचारलं.

आई : म्हणजे माझं उत्तर तुला ठाऊक होतं. तरी केलंस.

मुलगा : बरं बाई, चुकलं. सध्या काही दिवस हा वापर. डबीचं काय ते नंतर बघू.

आई : तो शब्द माझ्यासमोर काढायचा नाही.

मुलगा : कुठला?

आई : बघू. तुझ्या बाबांचा शब्द तो. शिवणाचा क्लास काढू का? बघू. गाडी चालवायला शिकू का? बघू. एकदा समुद्र दाखवता का? बघू. या घरात बघू म्हणजे नाही, आणि नाही म्हणायचा वाईटपणाही नाही. माणूस भला होता. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. बघू, बघू करत गेले. स्वतः काही बघितलं नाही, मलाही बघू दिलं नाही.

मुलगा : हे तू कधी बोलली नाहीस.

आई : ते गेल्यावर मी एकटी दुकानात गेले आणि ही डबी आणली. रिमोट हातात घेतला, आणि एकदम कळलं की आता विचारायला कुणी नाही. रडले मी. त्यांच्यासाठी रडले की कशासाठी, देव जाणे. मग समुद्र लावला. नुसत्या लाटा, बाकी काही नाही. कुणी मध्ये आलं नाही. आणि आता तू मला ससा देतोस?

मुलगा : मला भीती वाटते गं. बाबा बसल्या बसल्या गेले. तू टीव्हीसमोर दचकलीस तरी मी धावत येतो.

आई : काळजी कर, खुशाल कर. माझ्या शेजारी बसून कर. पण कुलूप लावून नाही. हा टीव्ही काही मला उचलून नेता यायचा नाही. डबी मात्र या पिशवीत मावते. मी मावशीकडे जाईन राहायला. तिच्याही टीव्हीला मागे भोक आहे.

फिटर : एचडीएमआय म्हणतात त्याला.

आई : तेच ते भोक.

फिटर : साहेब, मधे बोलतो, रागावू नका. लांब वायर आहे माझ्याकडे. टीव्ही चिकटवतो आणि डबी खाली टेबलावर ठेवतो. फक्त वायर लोंबेल, भिंतीवर दिसेल.

आई : लोंबू दे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

मुलगा : लावा.

फिटर : नक्की?

मुलगा : लावा म्हणतो ना! आणि तो ससा मी पुसून टाकतो.

आई : माझ्यासमोर पूस.

मुलगा : हे घे. गेला.

आई : अस्वल?

मुलगा : तेही गेलं. आगगाडीही गेली.

फिटर : झालं आजी. लावून बघा. मी निघतो, नाहीतर पुढच्या घरी माझाच खून होईल.

आई : सांभाळून जा हो. पाना राहिला बघा तुमचा, शिडीखाली.

मुलगा : आई, फिरतंय अजून ते गोल.

आई : मला घाई नाही.

मुलगा : मी बसू का इथे?

आई : मध्ये बोलशील.

मुलगा : नाही बोलणार.

आई : बंद करशील.

मुलगा : रिमोट तुझ्या हातात आहे.

(ती सोफ्यावरची पिशवी उचलून खाली ठेवते.)

आई : बघू.