रिंगणातलं लिंबू

परवाची गंमत ऐका. शेजारच्या महादेवीताईंनी त्यांच्या पल्लवीची माझ्याकडची गणिताची शिकवणी एकाएकी बंद केली. अकरावीची परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून मीच विचारायला गेलो. ताईंनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"सर, अंगणात खडूनं रिंगण, मदी फुली, वर लिंबू. वहिनी वारल्यापासनं तुमी काय मांडताय, समदी गल्ली इचारतीय."

"अहो, संमिश्र संख्या शिकवतोय. फुली म्हणजे दोन अक्ष. बिंदू सरकवून दाखवायला लिंबू घेतलं. संख्येला i नं गुणलं की ती रिंगणावर पाव फेरी वळते."

"आन् मग?"

"चार वेळा गुणलं की होती तिथं परत येते."

ताई एक पाऊल मागं सरल्या. "परत कोन येतंय?"

"लिंबू येतं, ताई."

"दुसरं कुनी न्हाय? खरं सांगा की."

"माणूस परत येत असतं, तर मी अंगणात शिकवण्या घेत बसलो असतो का?"

ताई उंबऱ्यातून बाजूला झाल्या. मग आत वळून म्हणाल्या, "पल्लवे, वही काढ गं. आन् सरांना आदी चा टाक."