मधल्या खुर्चीतला आवाज

नाही, पण मला सांगा, चौतीस वर्षं ज्यानं भल्याभल्या मंत्र्यांना ‘तुम्ही जागेवर जाऊन पाहिलंत का’ असं विचारून घाम फोडला, त्याला स्वतःच्या दिवाणखान्यात हे कोणी विचारू नये? तुम्हाला सांगतो, रेडिओला मी स्वतःच्या हातानं दोन स्पीकर जोडले, एक खिडकीत, एक कपाटावर, का, तर बायकोला दुपारच्या बातम्या नीट ऐकू याव्यात. आणि ही मधल्या खुर्चीत बसून म्हणते, “अहो, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय.” मी खिडकीपाशी, मला खणखणीत! मग काय, दिलं ठोकून... तुझे कान गेले. सोळा दिवस हेच. आणि मी म्हणे बातमीदार!

भांडली असती तर बरं होतं, पण तिला ते खरंच वाटू लागलं हो. तिच्या बहिणीचा फोन आला की मलाच घ्यायला लावायची. परवा पाहतो तर स्वयंपाकघरात एकटीच, मनगटावरचं घड्याळ काढून आधी या कानाला लावतेय, मग त्या. गुपचूप कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

काल सूनबाई आली, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सासूच्या खुर्चीत जाऊन बसली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही बसा बघू इथे.” बसलो... आणि आवाज खरंच विहिरीत! सूनबाई समजावते, दोन्ही स्पीकर एकाच रेडिओचे, एकाच तालावर चालणारे. एकाच्या तारा तुम्ही उलट्या जोडल्यात, एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, याच्या लाटेचा उंचवटा त्याच्या लाटेच्या खळग्यात, आणि बरोब्बर मध्ये दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. आईंचे कान ठणठणीत आहेत. मी म्हटलं, असं असेल तर आम्ही दोघं एकदम बोलतो तेव्हा शांतता का नाही होत?

“तुमचे ताल एकमेकांशी बांधलेले नाहीत ना,” म्हणते, “तिथे नुसता गोंगाट वाढतो.”

एवढं साधं, आणि मी म्हणे बातमीदार!

तारा सरळ केल्या. बायको खुर्चीत बसली, डोळे मिटले, आणि तुम्हाला सांगतो, हवामानाचा अंदाज ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी पुटपुटलो, उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द करतो. तर डोळे न उघडता म्हणते, “कशाला? तुम्ही जा. सोळा दिवस मी सांगत होते, ते ऐकू कोणाला आलं नाही?”

अकराची वेळ आहे. निघतो.